दोन्ही माद्याच

निपाणीच्या बाजारात दस्तगीरनं
शेपटीखाली बघितलंसुद्धा नाही.
‘दोन्ही माद्याच हायत. भांडायच्या न्हाईत, वाढायच्या न्हाईत.’
संकेश्वर यायच्या आत, एसटीतच,
कस्तुरीनं नावं ठेवून टाकली:
पांढरी ती साय, तपकिरी ती काकवी.

खुराडं मी केलं.
पंचवीस वर्षं पाट्या रंगवतोय, पत्रा घरातच होता.
पीठगिरणीची जुनी पाटी,
नियम आल्यावर उतरवलेली.
कानडी वर मोठं, मराठी खाली बारीक,
अशी नवी मीच करून दिली आणि जुनी न्यायला कुणी आलं नाही.
ती छपराला उलटी ठोकली.
आत शिरून वर बघितलं तर ‘गिरणी’ची वेलांटी दिसते.

जाळी अर्ध्या इंचाची.
कोंबड्यांची जाळी मुंगूस हातानं उसवल्यासारखी उसवतो,
हे शेजारच्या भरमाचं नुकसान बघून शिकलो.
नुसत्या जाळीवर तळवे सोलतात, म्हणून अर्ध्यात फळी,
फळीवर वाळलं गवत.
कड्या दोन. एक कुत्र्यासाठी,
एक कस्तुरीसाठी.

तिसऱ्या महिन्यात काकवी सायच्या पाठीवर.
खेळतायत, मी म्हणालो.
बायको नुसती हसली.

गुरांच्या दवाखान्यातली शिवलीला
मनात कानडी जुळवून तोंडानं मराठी बोलते.
काकवीला तिनं मांडीवर उताणं घेतलं,
दोन बोटांनी हलकंच दाबलं.
‘बघा पेंटर, तुमच्याच कामातलं सांगते.
आमचा अनुस्वार कसा, गोल, मधे पोकळ? हा गंडु.
हसू नका, गंडु म्हणजे नर.
आणि तुमचा दंड, वाक्य संपल्यावरचा, उभी रेघ?
ती हेण्णु.
लहानपणी मात्र कुणाचं काही ठामपणे सांगू नये. मीपण चुकते.
याला आजच वेगळा करा.
ती व्याली की त्याच दिवशी हा परत...’
कस्तुरी ऐकत होती. वाक्य तिथंच राहिलं.

मधे फळी मारली. उशीरच झाला होता.
एकतिसाव्या दिवशी सायला गवताच्या मिशा फुटल्या,
तोंडभर काड्या घेऊन ती खोक्यात ये-जा करत होती.
मग स्वतःच्याच पोटाचे केस उपटायला लागली.
कस्तुरी रडली, आजारी आहे म्हणाली.
मला सांगता आलं नाही नीट,
की ती गादी करत्येय.

सकाळी खोक्यात कापूस हलत होता.
हात घालू नको, म्हणालो तिला,
आणि तिला शाळेत सोडून आल्यावर मीच घातला,
टर्पेंटाइनचा वास जावा म्हणून आधी त्यांचंच गवत चोळून.
सात. सहा गरम.
सातवं पेरूखाली पुरलं, संध्याकाळी मोजताना
कस्तुरीनं सहाच मोजली.

आता दोन महिने झाले. मागणी आहे.
गिरणीवाल्याला जोडी पाहिजे,
शिवलीलाच्या गोकाकच्या भाच्याला दोन, पण दोन्ही माद्याच.
झिरो नंबरचा ब्रश घेऊन बसलो,
खायचा रंग, कानाच्या आतल्या गुलाबी कातड्यावर.
गोल. रेघ. रेघ. गोल. रेघ.
सहाव्याला दाबून बघितलं,
चष्मा बदलून बघितलं, उन्हाकडे धरून बघितलं.
त्यानं माझ्या मनगटावर ओरखडा काढला.

‘लिहा की काहीतरी,’ कस्तुरी म्हणाली.

ब्रश पुसला.
ते पत्र्याखाली जाऊन बसलंय,
वेलांटीच्या बरोबर खाली,
कोऱ्या कानांनी.