वगळलेली चाळीस सेकंदं

पाषाणला, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डावीकडे
बसून मी उत्तर ध्रुवाजवळची एक खोली चालवते.
चालवते म्हणजे काय, बसलेली असते.
खाली वॉचमन वाळलेला पाला पेटवतो
(तीनदा सांगून झालंय)
आणि पडद्यावर एक रेघ सरकत राहते
जिथे पाला नाही, झाड नाही, वॉचमन नाही,
ऑक्टोबर संपल्यापासून सूर्यही नाही.

पंप मिनिटाला पाच लिटर हवा ओढतो.
साडेचारवर आला की समजायचं,
नळीच्या तोंडाशी हिम धरलं.
मग इर्शाद तांबोळीला फोन.
मूळचा भोरचा. वेधशाळेत फुगे सोडता सोडता
एकदम तिकडे, चार महिन्यांसाठी.
अंगातला स्वेटर माझ्या नवऱ्याचा.
आमची डबे उघडायची वेळ, त्याची सकाळ,
सकाळ म्हणजे काळोखच.
कपाळाला दिवा, खांद्याला बंदूक,
अस्वलासाठी. अजून आलेलं नाही.
शिडी चढतो, ब्रशने तोंड झाडतो.

पहिला नियम मीच लिहून तिथल्या भिंतीवर लावलाय:
नळीपाशी श्वास घ्यायचा नाही,
सोडायचा तर मुळीच नाही.
खाली उतर, वारा नळीकडून तुझ्याकडे येईल असा उभा राहा,
मग काय ते.
यंत्र फार हलक्या कानाचं आहे.
कोणी हुं म्हटलं तरी लिहून ठेवतं.

महिन्याला एक पेटी येते, फिल्टरांची.
पुण्याचा तासाभराचा फिल्टर म्हणजे काजळ.
तिथला आठवड्याचा, दुधावर राख उडावी इतपत.
आणि प्रत्येक पेटीत एक कोरा.
तोही तिथवर जातो, पाकिटातून निघतो, साच्यात बसतो,
आणि हवा न ओढताच परत येतो.
त्याच्यावर जे सापडतं ते आमचं,
हातांचं, विमानतळावरच्या उघडझाकीचं.
तेवढं बाकी सगळ्यांतून वजा करायचं.
अकाउंट्सचे गानू दरवर्षी विचारतात,
कोऱ्या कागदाचं भाडं कशाला?
दरवर्षी मी समजावते.

एकोणीस जानेवारी, एक चाळीस.
रेहानाच्या आईचा फोन, खडकीच्या दवाखान्यातून,
तिकडचा नंबर लागेना म्हणून माझ्याकडे.
प्रवाह चार पॉइंट दोन.
तो शिडीवर, कानात हेडफोन, गप्प.
गप्पच असायला हवा.
मला थांबता आलं असतं. मिनिटभर,
तो खाली उतरेपर्यंत.

इर्शाद, मुलगी. दोन किलो नऊशे. दोघी बऱ्या आहेत.

काही ऐकू आलं नाही, नुसता वारा.
मग पडद्यावरची रेघ
चारशे सत्तावीसवरून उठली,
सहाशेच्या पार गेली,
तिथे थोडी थरथरली,
आणि चाळीस सेकंदांनी खाली येऊन बसली
वर्गात मोठ्याने हसून गेलेल्या पोरासारखी.

संध्याकाळी मी तेवढ्या तुकड्याला खूण केली: अग्राह्य.
कारणांची यादी तयार असते,
वीज गेली, हिम, वाहनाचा धूर, अस्वल, मानवी श्वास.
शेवटचं निवडलं.
शेऱ्याची चौकट सहसा रिकामी ठेवतो आम्ही.
मी लिहिलं, चूक पुण्याची.

वर्षाची सरासरी निघेल तेव्हा तीत ही सेकंदं नसतील,
नसायलाच हवीत.
कच्च्या फायलीत रेघ आहे तशीच राहील.
कच्ची फाइल पुसायची नाही,
हा नियम माझ्या आधीचा.

दिवे मालवले. जिन्यातच धुराचा वास आला.
चौथ्यांदा सांगायचं म्हणून तरातरा खाली गेले.
थंडी मरणाची होती.
तो काही न बोलता थोडा सरकला,
आणि शेकायला जागा करून दिली.