बर्फासाठी जाड

दारूखान्यात सहा नंबरच्या प्लॉटवर
मी वजनं लिहितो.
लोखंड, पितळ, तांबं, लाकूड
आणि किरकोळ.
तेवीस वर्षांत किरकोळच्या रकान्यात काय काय गेलं
ते मुफद्दलशेठलाही माहीत नाही.

ती आली चैत्री पुनवेच्या उधाणाला,
रात्री साडेबारा वाजता, टगच्या दोरावर,
आणि चिखलात नाक खुपसून थांबली.
कपाळावर ‘सी ग्लोरी’. त्याखाली पुसट ‘नूर तीन’.
त्याच्याही खाली, रंग खरवडला तर बोटांना लागणारी
वेल्डिंगने उठवलेली अक्षरं: हिल्का.
तांबं निवडणारी सगुणा म्हणाली,
दोन सासरं झाली बाईची,
माहेरचं नाव काही कुणाला खोडता आलं नाही.

इंजिनरूमच्या दारावर पितळी पाटी.
लिंडरूस आणि मुलगे, फिनलंड.
बांधणी क्रमांक दोनशे सतरा, सन एकोणीसशे एकसष्ट.
पाटी आठशे ग्रॅम.

कप्तानाच्या खणात एक पुस्तिका होती, डिझेलने चिकटलेली.
जेवणाच्या सुट्टीत मी पानं सोडवत बसलो.
थोरला लिंडरूस डांबर फासलेल्या होड्या बांधायचा.
मग युद्ध झालं. देश हरला.
जिंकणाऱ्याने दंड मागितला तो जहाजांत.
साखर रेशनवर, हात थंडीने फुटलेले,
आणि ही माणसं गलबतं बांधत राहिली
दुसऱ्याच्या झेंड्यासाठी,
‘एकही खिळा हलका न मारता.’
कंपनीने स्वतःच लिहिलेलं, म्हणजे थोडं फुगवूनच.
पण माझे वडील माझगाव गोदीत रिवेट तापवायचे,
तेही असंच सांगायचे,
आणि त्यांना मी कधी खोटं पाडलं नाही.

शेवटची चार पानं सुटलीच नाहीत.
कंपनी बुडाली की नातवांनी विकली
ते त्या डिझेललाच ठाऊक.

नाकाशी पोचल्यावर इद्रीसची ज्योत अडली.
बाकी अंगाला चौदा मिलिमीटरचा पत्रा, इथे अठ्ठावीस.
गॅसच्या टाक्या रिकाम्या होत गेल्या, शेठ ओरडत राहिला.
बर्फासाठी आहे, मी म्हटलं. समुद्र फोडत जायला.
इद्रीसने काळा चष्मा कपाळावर सरकवला.
समुद्र जमतो?
त्याच्यामागे आमची खाडी, तेलाने चकाकणारी, उकळायची बाकी.
जमतो. माणसं चालतात त्यावर.
तो बराच वेळ गप्प राहिला.
मग ज्योत पुन्हा तिच्या कपाळाला लावून म्हणाला,
तरीच एवढी हट्टी.

केबिनींच्या मागे एक लाकडी खोली निघाली.
खिडकी नाही. पायऱ्यांसारखे बाक,
कोपऱ्यात लोखंडी चूल आणि चुलीवर धोंडे.
सगुणा म्हणाली देवघर.
इद्रीस म्हणाला कोठडी.
शेठ म्हणाला, मासे सुकवत असतील.
मी पुस्तिका उघडून सांगितलं,
घाम काढायची खोली आहे.
मुद्दाम. रोज संध्याकाळी. हौसेने.

क्षणभर कुणी काही बोललं नाही.
मग पदराने गळा पुसता पुसता सगुणाच हसली
आणि तिचं हसू प्लॉटभर, क्रेनवाल्यापर्यंत गेलं.
म्हणाली, अगंबाई, एवढ्यासाठी खोली?
आमच्याकडे यायचं ना!

एक्कावन्न दिवसांत ती संपली.
पत्रे गेले तळोज्याच्या मिलला,
आता सळया होऊन कुठल्याशा टॉवरच्या पोटात असतील,
बत्तिसाव्या मजल्यावर एसी लावून कुणी झोपत असेल
त्या बर्फाला पुरून उरलेल्या लोखंडावर.
खोलीच्या फळ्या सगुणाने पोटमाळ्याला ठोकल्या.
म्हणते, पहिले काही दिवस घरभर
कुठल्या तरी झाडाचा वास येत होता,
ओळखीचा नव्हता, पण चांगला होता.

धोंडे किरकोळमध्ये गेले.
एक माझ्या वहीवर आहे,
खाडीचा वारा सुटला की पानं धरून ठेवतो.
दुपारी पत्र्याखाली इतका तापतो
की वाटतं, याची ड्यूटी अजून कुणी संपवलेली नाही.

धोंडे, सत्तावीस किलो, असं लिहिलंय मी.
खरं तर अठ्ठावीस.