ओळ क्रमांक एकोणीस

चिठ्ठ्या मी शिसपेन्सिलीनं लिहितो.
शाई पावसात धुतली जाते, आणि मग
कोण कुणाचं, हे अंबाडीलाही सांगता येत नाही.

महाराजबागेच्या मागचं हे शेत.
परवा एक हवालदार गाडी थांबवून आत आला,
पाच बोटांचं पान चुरगळून त्यानं हुंगलं.
झाडेबाई म्हणाल्या, खाऊन बघा.
त्यानं खाल्लं, डोळे बारीक केले,
आणि जाताना भाजीपुरती जुडी मागून नेली.

बाईंना फार नको होतं.
खोड डोक्यावरून जाणारं, आणि बिनकाट्याचं.
वाख सोलून सोलून त्यांच्या आईच्या तळहाताला
बाराही महिने कूस असायची;
ताटातला भातही ती चमच्यानं खायची.

संध्याकाळी कळीला दोरा बांधायचा.
पहाटे फूल आतल्या आत उमलणार,
स्वतःचंच स्थळ स्वतःला,
उन्हं चढली की मिटणार.
भुंग्याला अक्षता नाहीत.

पहिल्या वर्षी सगळीच काटेरी निघाली.
दुसऱ्या वर्षी चारांत एक गुळगुळीत.
काटा त्यामानानं लवकर सुटला, उंची सुटेना:
उंचाच्या पोटी बुटकं,
बुटक्याच्या शेजारी ताडमाड.
बाई खोडावरून डोळे मिटून हात फिरवायच्या
आणि म्हणायच्या, हे ठेव. हे काढ.
पंचफुला काढायची,
मुळांची माती न झटकता
ओच्यात धरून घरी न्यायची.
भाजीले होते, म्हणायची.

सात पावसाळे.
एकोणिसावी ओळ दोरी ताणल्यासारखी उभी राहिली,
एकाला मोजलं की सगळी मोजून झाली.
बाईंनी त्या दिवशी सगळ्यांना चहा सांगितला.

आठव्या वर्षी, त्याच ओळीत,
कमरेच्या वर, पानाआड, काटा.
पंचफुलाच्या अंगठ्यावर रक्ताचा थेंब.
"काहून बाई, याले उपटू?"

बाई बोलल्या नाहीत.
कुंपणापलीकडच्या टिनाच्या छपरांकडे बघत राहिल्या.
"एखादा दोरा सुटला असेल," शेवटी म्हणाल्या,
"आणि कुणाच्या तरी परसात
काटेरी अंबाडी फुलत असेल."
पंचफुला अंगठा चोखत
खाली बघत होती.

मी नोंदवहीत लिहिलं:
भेसळ, एक झाड. उगम माहीत नाही.
शिसपेन्सिलीनंच.

दुपारी तिनं डबा उघडला.
अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या घातलेली,
वरून लसणाचं तेल.
आम्ही तिघांनी खाल्ली.
बाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली.