उगवण-चाचणी

आई बियाण्याच्या कंपनीत
ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडते,
ठरल्या दिवशी गुंडाळी उलगडून मोजते.
जालन्यात असं काम पुष्कळ बायकांना आहे.
मी वरच्या खोलीत क्रॉलर लिहिते.
त्यालाही आधी बी लागतं:
दोनशे पत्ते, हाताने निवडलेले.
तिथून तो दुव्यादुव्याने निघतो.
"म्हंजे तुजं बी तेच," आई म्हणते.

त्याला रीत शिकवली.
दारावरची पाटी आधी वाचायची,
नको म्हटलं की उंबऱ्यावरूनच मागे.
एकाच घरी पुन्हा हाक मारायची
तर मध्ये पाच सेकंद थांबायचं.
तरी पहिल्याच रात्री हरवला.
कुठल्याशा संस्थानच्या दिनदर्शिकेत
'पुढचा महिना' असं बटण होतं,
हा दाबत गेला.
पहाटे इन्व्हर्टर ओरडला म्हणून उठले,
तर साहेब सन ३८४७च्या ऑगस्टात,
सगळे चौकोन रिकामे,
खाली पुन्हा तेच बटण.
हसले. मग जराशी भीती वाटली.

क्रम लावायचं सूत्र मोंढ्यातल्या पतीसारखं:
तुझ्याकडे बोट किती जण दाखवतात,
आणि दाखवणारे स्वतः कोण.

मुश्ताक सरांकडे कुणीच बोट दाखवत नव्हतं.
घनसावंगीकडच्या अकरा गावांच्या विहिरी,
महिन्याच्या पहिल्या रविवारी
दोरीला गाठी मारून मोजलेल्या, नऊ वर्षं.
"पान आहे ना बेटा माझं,
कुणाला घावत नाही एवढंच."
पत्ता त्यांनी फोनवर अक्षर-अक्षर सांगितला.
यादीत घातला. दोनशे एकावा.

क्रॉलर गेला आणि चिखल घेऊन आला.
जुना फॉन्ट. डोळ्यांना मराठी,
आतून कसल्याही चिन्हांची खिचडी.
त्या काळी पहिली वेलांटी
अक्षराच्या आधीच येऊन बसायची, दुसरी नंतर.
आठ रात्री तक्ता करत होते,
रफार कुठून उचलायचा, कुठे ठेवायचा.
पहिला धड शब्द निघाला तो 'विहीर'.
एक वेलांटी मागे सरकवली,
दुसरी जिथल्या तिथे.
त्याच्या खालची ओळ:
'मे. दोरी पुरली नाही.
दगड टाकून पाहिला. आवाज कोरडा.'

पान अजून तळालाच आहे.
सूत्रात सरांसाठी एक ओळ घालावी वाटली,
दोनदा लिहिली, दोनदा खोडली.
आईला विचारलं,
मोजणी झाल्यावर एखादा दाणा फुटला तर?
"फुटतो की. कागदावर नाही चढत."
मग?
"मग काय. घरी आनते."

आमच्या गच्चीवर पत्र्याचे सतरा डबे आहेत.
भेंडी आम्ही विकत घेत नाही.