देवपूर, दुसरा मजला

पहिल्याने विचारलं, मिस्टर कधी येणार?
दुसऱ्याने नुसतं माझ्या एकाच बॅगेकडे पाहिलं.
साक्री रोडची खोली ऐसपैस,
पण खाली वेल्डिंगचं दुकान,
आणि आठनंतर रिक्षा नाही.

मग पांझरेचा पूल.
त्रेचाळीस अंशांत देवपूर.
गच्चीभर जुन्या लुगड्यांवर बिबडे,
खोलीच्या दारापर्यंत.
मी चपला हातात घेतल्या, कडेकडेने गेले.

सावलीत बसलेली यमुनाबाई म्हणाली,
‘एकलीच शे का वं माय?’
हो, म्हटलं, आणि
पुढच्या प्रश्नासाठी ताठ उभी राहिले.

तिने एक अर्धओला बिबडा सोडवून
माझ्या हातावर ठेवला.
‘मंग बस जराशी. कावळा हाकल.
मी पानी भरी येस.’

अर्धा तास हाकलले.
भाडं विचारायचं
राहूनच गेलं.