लिंबं बारा

कपिलतीर्थातनं डझनभर कागदी लिंबं आणली.
सालीला नख लावून बघितलं, तेल उडालं,
मग भावात घासाघीस केली नाही.
भाजीवाली म्हणाली, लोणचं का काकू?
म्हटलं, नाही गं. प्रयोग.

ह्यांच्या वहीत छत्तीस वर्षांचे शनिवार आहेत.
डावीकडे गिमलेट, उजवीकडे रिकी,
मधली रेघ लेथवर कातल्यासारखी.
गिमलेट ह्यांचं, रिकी पिराजी मिस्त्रींचं.
उद्यमनगरात दोघांची शेड एक, भट्टी एक,
राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर भांडणही एकच:
लिंबाला साखर लागते की नाही.

हे म्हणायचे, बोटीवरच्या खलाशांनासुद्धा
लिंबू बाटलीत टिकवायचं तर गोडच करावं लागलं.
बिनसाखरेचं आंबट म्हणजे नुसता राग.
मिस्त्री म्हणायचे, असू दे की राग!
ताजा पिळायचा, वर सोडा,
आणि साल तसंच टाकायचं ग्लासात, लपवायचं नाही.
पाकात घातलेला राग कुणाच्या कामाचा, भावा?

मी खाली, पांढऱ्या रश्शाच्या वाफेत,
खिडकीतनं सगळं ऐकत.
नववीच्या पोरींना आम्ल-अल्कली शिकवलं सत्तावीस वर्षं,
थेंबाथेंबानं, रंग बदलेपर्यंत.
इथं मात्र वरून नुसती हाक यायची,
"लिंबं पाठव गं."
पाठवली. चिरून, बिया काढून, पिळून,
बोटांच्या भेगांतनं झोंबत.

वही वाचते आता.
"कॉर्डियल जास्त झालं. सहा गुण."
"गोटी सोड्याचा गॅस गेलेला. रिकीवर अन्याय."
"पुदिना घालून हलवून बघितलं, मुंबईच्या साहेबानं सांगितलेलं.
मिस्त्री म्हणाले, ही चटणी. जेवताना वाढा."
"टॉनिकबरोबर. दोघांचं एकमत: औषध."
आणि एका पानावर, गुणच नाहीत,
"लिंबं आज कडू निघाली."

मला आठवतो तो शनिवार.
त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकेची खुर्ची
माझ्याहून सहा वर्षांनी धाकटीला दिली होती.
लिंबू फार दाबलं की सालीचा कडवटपणा रसात उतरतो.
मी दाबलं होतं.
कुणी विचारलं नाही.
नोंद मात्र झाली, ह्यांच्या अक्षरात,
तारखेसकट.

काल रात्री साली साखरेत चोळून झाकून ठेवल्या,
सकाळी त्यात रस ओतला, गाळला.
मिस्त्रींना फोन केला.
दहाव्यानंतर ते जिना चढले नव्हते.
आले, गुडघा धरत, काखेत सोड्याच्या चार बाटल्या,
आणि ह्यांच्या खुर्चीकडं न बघता
कठड्याला टेकून उभे राहिले.

मापानं ओतलं. माप माझं, शाळेतलं, निळ्या रेघांचं.
आधी गिमलेट:
गार, गुळगुळीत, पॉलिश मारलेल्या दागिन्यासारखं,
कुठं जोडलंय ते सापडत नाही.
आंबट आहे, पण आंबटाला
पाहुण्यांपुढं नीट बसायला शिकवलेलं.
मग रिकी:
जिभेच्या कडांना आधी कळलं,
मग नाकात बुडबुडे, डोळ्यात पाणी,
आणि पिळलेलं साल ओठाला येऊन लागलं,
हाक मारल्यासारखं.

मी चाखेपर्यंत मिस्त्रींनी गिमलेट उचललं होतं.
छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.
एका दमात नाही, घोट घोट,
गच्चीवरच्या टाकीकडं तोंड करून.
ग्लास खाली ठेवला, मिशी पुसली.
"गोड आहे," म्हणाले.
बराच वेळ एवढंच.
मग, "बरं होतं त्याचं."

मी वही ओढली, मधल्या रेघेवरच लिहायला घेतलं,
जागा दुसरी नव्हती:
शनिवार. लिंबं बारा. हलक्या हातानं पिळलेली.

मिस्त्री वाकून बघत होते, चष्मा नाकावर.
"आणि गुण, वहिनी? कुणाला किती?"
म्हटलं, थांबा.
रिकीचा ग्लास परत उचलला.
पेपर अजून तपासतेय.