नमुना क्रमांक सतरा

अल-खोरला बाहेर सत्तेचाळीस.
गाडीच्या दाराची कडी रुमालानं धरायची,
आत शिरून जाड हातमोजे चढवायचे
आणि उणे दोनशे एकोणसत्तरपाशी कामाला बसायचं.
हेलियम इथलंच, जवळच्या वायूतून गाळलेलं.
टेकबहादूर पिंप ढकलत आणतो, दर खेपेला विचारतो,
"मॅडम, आमच्या जुम्लाच्या पूसपेक्षा गार?"

चुंबकाच्या वेटोळ्यात जे जे असतं
ते एकेक करून ताणून बघायचं, हा माझा पगार.

पोलाद आधी. गारठलं की त्याला बळ चढतं,
दुपटी-तिपटीनं ओढ सोसतं, पण सरळ वागत नाही.
पडद्यावरची रेघ करवतीसारखी दातेरी होत जाते
आणि भांड्याच्या तळातून आवाज येतो: टक्.
टक्.
बंद दारामागं कुणी बोटं मोडावीत तसा.

मग राळ, तारेला तारेशी धरून ठेवणारी.
हिला ओढावंही लागलं नाही.
धातूच्या तिप्पट आकसायचं आणि धातूलाच चिकटून राहायचं,
गार होता होताच तडकली.
नूफ म्हणाली, "लिही, भाराविना."
लिहिलं.
(एवढ्याशा तडीनं तार केसभर कूस बदलते,
तेवढी ऊब पुरते. सगळं वेटोळं शुद्ध हरपतं
आणि महिन्याचं हेलियम छतावरच्या नळीतून आभाळात.)

तांबं शेवटी.
माझ्या बॅजवर आडनाव तांबट; इथं कुणाला त्याचा अर्थ ठाऊक नाही.
तात्या हंडे मठारायचे. म्हणायचे, ठोकशील तसं ते हट्टी होतं,
मग भट्टीत घालून त्याची समजूत काढायची.
थंडीबद्दल ते काही बोलले नव्हते.
थंडीत ते हट्टीही होतं आणि लवचीकही राहतं,
दोन्ही एकदम.
लांबत गेलं, लांबत गेलं, मध्ये बारीक मान आली.
आम्ही दोघी जेवायला जायचं विसरलो.

रात्री फोनवर तात्यांचा एकच प्रश्न, "तुटलं?"
"तुटलं."
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"किती ताणलंस?"
"निम्म्यानं वाढलं, तात्या."
"मग तुटलं कसलं. तू तोडलंस."

तुकडे बाहेर काढले तेव्हा
खाडीची दमट हवा त्यांच्यावर पांढरी होऊन बसली होती,
मग तिचं पाणी झालं.
चिठ्ठीवरची शाई फुटली.
सतरा पुन्हा लिहिला.